किलोमीटर कमी करा, पण खाडीच्या दोन्ही काठांवर रुग्णवाहिका ठेवा

मंडळी, दापोलीहून निघून समुद्राच्या कडेने एक मोठा सायकल-फेरा काढायचं आपल्याकडच्या तरुण पोरांच्या डोक्यात आहे. कल्पना झकास आहे. पण गेले काही दिवस चर्चा फिरतेय ती फक्त एका आकड्याभोवती. ‘दीडशेच्या वर झालं पाहिजे, नाहीतर बाहेरचे सायकलवाले येणार नाहीत.’ माझं मत उलटं आहे, आणि ते कुणाला आवडो न आवडो, आत्ताच मांडलेलं बरं.

पोरांनी आखलेला मार्ग असा : दापोली, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. तिथून फेरीबोटीने धोपावे आणि पुढे गुहागर. मग शृंगारतळी, चिपळूण, परशुराम घाट, लोटे, खेड आणि परत दापोली. म्हणजे वाशिष्ठीला आख्खी प्रदक्षिणा. नकाशावर फार देखणी दिसते. पण नीट बघा, यातला समुद्र गुहागरला संपतो. पुढचा सगळा रस्ता आतला. त्यात चिपळूण ते खेड म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. कंटेनर, लक्झरी बस आणि लोटे एमआयडीसीतले टँकर यांच्या कडेने, पाय थकलेले असताना, भर दुपारी सायकल चालवायची. त्याला थरार म्हणत असाल तर म्हणा, मी त्याला उगाच ओढवून घेतलेली आपत्ती म्हणेन. समुद्र दाखवायला बोलावलेल्या पाहुण्याला तुम्ही टँकरचा मागचा भाग दाखवणार!

बरं, अवघडपणासाठी महामार्गाची गरजच नाही. कोकणचा किनारा सपाट असतो हा घाटावरच्या लोकांचा गैरसमज. आपल्याला माहीत आहे, इथे गाव खाली वाडीत आणि रस्ता वर सड्यावर. एक गाव आलं की उतार, संपलं की चढ. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. म्हणजे सकाळी गार हवेत जे फुकट उतरलात, ते संध्याकाळी व्याजासकट चढायचं. ज्याच्या सायकलला मागे ३२ दात्यांचं मोठं चक्र नाही, त्याने आधी मेकॅनिकला भेटावं.

म्हणून माझा पर्याय : किनाऱ्याने दाभोळ, फेरीबोट, वेलदूर-अंजनवेल करत गुहागर, परत धोपाव्याला येऊन फेरीबोट, आणि दाभोळहून आतल्या मुख्य रस्त्याने दापोली. साधारण शंभर किलोमीटर. खाडीपलीकडचा थोडा रस्ता दोनदा होतो, होऊ दे. वाटेत बुरोंडीचा परशुराम आहे, दाभोळची अंडा मशीद आणि चंडिका देवीची गुहा आहे, अंजनवेलचा गोपाळगड आहे. आणि नाव दाभोळचं, जागा गुहागरची असा तो गाजलेला वीज प्रकल्पही आहे. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो, तो परतीला बऱ्यापैकी तोंडावर येणार. तेव्हा किनाऱ्याचा उघडा रस्ता टाळून झाडीतल्या आतल्या रस्त्याने यावं हेच शहाणपण. दिवस थंडीचेच हवेत, नोव्हेंबर ते जानेवारी. त्यानंतर आपला घाम माणसाला वाळू देत नाही.

आता फेरीबोट. ती काही आपल्या शिट्टीवर सुटत नाही. शंभर सायकली एकदम जेट्टीवर आल्या तर एसटी पकडायला निघालेल्या म्हातारीने काय करायचं? त्यामुळे दहा-पंधराच्या तुकड्या करा, बोटवाल्यांशी आधी बोला आणि जेट्टीवरचा वेळ मोजूच नका. लांब पल्ल्याच्या बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि घड्याळ थांबत नाही. आपण इथे तो नियम लावला, तर चुकलेली बोट भरून काढायला पोरं उतारावर जीव टाकतील. आणि आपल्या उतारांच्या वळणांवर चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली बारीक खडी असते. बारीक चाकाची सायकल त्यावर कशी घसरते हे सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा याच्याच पुढचा आहे. समजा, कुणी धोपाव्याच्या चढात पडला. तुमची एकुलती एक रुग्णवाहिका दापोलीच्या बाजूला. बोट नुकतीच सुटलेली. रस्त्याने यायचं तर खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. टी-शर्ट, पदकं आणि पाहुण्यांच्या फेट्यांआधी दोन रुग्णवाहिकांची सोय करा, प्रत्येक काठावर एक. अलीकडे दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, पलीकडे गुहागरचं ग्रामीण रुग्णालय, दोघांना लेखी कळवा. तेवढं जमत नसेल तर फेरा दाभोळपर्यंतच ठेवा आणि परत या. त्यात कमीपणा कसला?

सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जायचं तर स्वागत कमानीच्या परवानगीपेक्षा आधी साईडपट्टीचं बोला. डांबराची कड आणि माती यांत काही ठिकाणी चांगला वीतभर खड्डा आहे. तो भरला तर फायदा एका दिवसाच्या पाहुण्यांचा नाही. पहाटे पों पों करत वाडीवाडीत जाणारा पाववाला, शाळेत जाणाऱ्या मुली, हे रोजचे सायकलवाले आहेत. त्यांना कुणी पदक देत नाही. निदान गाडीला वाट देताना त्यांचं चाक खड्ड्यात जाऊ नये.

आणि हेच पुढच्या पुलांबाबत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात खाड्यांवर पूल होणार आहेत, त्यात आपली दाभोळची खाडीही आहे. पूल हवाच, रात्री बाळंतिणीला पलीकडे न्यायचं तर तोच उपयोगाचा. पण पुलावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कठड्याआड वेगळी पट्टी हवी, ही मागणी ग्रामपंचायतींनी ठराव करून आत्ता द्यायची असते. काँक्रीट ओतल्यावर निवेदन देऊन फक्त फोटो छापून येतो. तो आम्हीच छापतो, म्हणून सांगतोय.

तेव्हा पोरांनो, फेरा जरूर काढा. पण लोकांनी ‘किती लांब होता’ हे विचारण्यापेक्षा ‘सगळे नीट घरी आले ना’ हे आधी विचारावं, आणि उत्तर ‘हो’ असावं. खेड-चिपळूणचा आकडा वगळा. दोन्ही काठांवरच्या रुग्णवाहिका ठरल्या की सांगा, बातमी पहिल्या पानावर लावायला मी भांडेन.