मशीनला हार घालता, टीप कोण मारणार?

मंडळी, राग आला तरी चालेल, पण आज लिहितोच.

दर खंडेनवमीला आपल्या घरांत शिलाई मशीनची पूजा होते. मशीन पुसायची, कात्री-टेप समोर मांडायचे, हळद-कुंकू, झेंडूचा हार. मग फोटो, आणि फोटोखाली ‘आईच्या हातची माया’. दसरा उलटला की मशीनवर झाकण आणि झाकणावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, तो पुढल्या नवमीपर्यंत. आई गेल्यावर अकरा वर्षे मीही हेच केलं. गेल्या वर्षी भाचा म्हणाला, ‘‘मामा, भंगारवाल्याला देऊन टाका की.’’ मी भडकलो. त्याने शांतपणे विचारलं, ‘‘हिच्यावर शेवटची टीप कधी मारली?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आपण आईचं प्रेम आठवतो आणि आईचं डोकं विसरतो.

‘माया’ हाच शब्द घ्या. शिवणात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. आई दोन्ही बाजूंना इंच-इंच सोडायची. पोर वाढलं की उसवायचं, नवी टीप मारायची, कपडा आणखी दोन वर्षे चालायचा. बँकेत आम्ही जिला तरतूद म्हणायचो, तीच ही. आज विकतचा सदरा उलटा करून बघा. आत सोडायला काही ठेवलेलंच नसतं. पोट सुटलं की सदरा बाद. माझ्याच कपाटात एकोणीस सदरे निघाले, अंगात येणारे सहा. आणि त्या सहांतले चार कुठल्याच पॅंटवर जात नाहीत.

आता आपल्या इंदूरचा शरद आठवा. कोजागिरीनंतर पहाटे गारवा, दुपारी ऊन चटचटतं, रात्री पुन्हा माळव्याची थंड हवा. एका दिवसात तीन ऋतू. स्वेटर घातला तर दुपारी घाम, नुसता कुर्ता घातला तर रात्री कुडकुड. आईचं उत्तर होतं बंडी. सकाळी घाला, दुपारी काढा, संध्याकाळी पुन्हा घाला.

दसरा ते दिवाळी वीस दिवस. तेवढ्यात सगळं शिवून व्हायचं, कारण खरेदी ठरवून असायची. आई क्लॉथ मार्केटात शिरली की आधी छापील कापड निवडायची, बहुतेक वेळा धार जिल्ह्यातल्या बागचं. पांढऱ्यावर लाल-काळं. मग बाकीची साधी कापडं त्याच छाप्यातल्या रंगांतून. दुकानदार मोरपंखी दाखवायचा, जांभळा दाखवायचा, ती मान हलवायची. ‘‘सुंदर आहे हो, पण याला घरात सोबत कोण?’’ हे एक वाक्य आज आपण दुकानात म्हणालो, तर निम्मी खरेदी तिथेच थांबेल.

हिशेब सांगतो. तीन कुर्ते: एक बागच्या छाप्याचा, एक साधा गडद लाल, एक करड्या पट्ट्यांचा महेश्वरी. दोन पायजमे: एक काळा, एक मोतिया. वर एक काळी खादीची बंडी. नग झाले सहा. तिन्ही कुर्ते दोन्ही पायजम्यांवर जातात, म्हणजे सहा जोड्या. बंडीसह आणखी सहा. एकूण बारा. कापड लागलं कुर्त्यांना साडेसात मीटर, पायजम्यांना साडेचार, बंडीला सव्वा आणि तिच्या लठ्ठ्याच्या अस्तराला सव्वा. साडेचौदा मीटरमध्ये सबंध मोसम. पन्हा मोठा मिळाला तर त्यातही वाचतं. रंग जुळत नसतील तर मात्र हेच सहा नग दोन-तीन जोड्यांपुढे जात नाहीत.

आणि कटिंग किती? एकच. खाकी कागदावर सरळ कुर्त्याचा माप-नमुना, खांदा, छाती, मुंढा एकदा नीट बसवलेला. लांबी कमी केली की सदरा. पुढून उघडा ठेवून काजं-बटणं केली आणि बाह्या गाळल्या की बंडी, फक्त मुंढा अर्धा इंच खोल आणि छातीत दोन इंच सैल, कारण ती कुर्त्यावर चढवायची. गळा बदलला की तोच कुर्ता बायकांचा. सुती कापड मात्र कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचं. जे आकसायचं ते कात्री लागण्याआधी आकसू दे.

आता आक्षेप. ‘‘विकतचं स्वस्त पडतं.’’ पडतं. एकेक नग मोजलात तर मी हरलो. पण किंमत नग किती घेतले यावर काढायची की घातले किती यावर? कपाटात पडून राहिलेले माझे सदरे मला फुकट नव्हते मिळाले.

‘‘वेळ कुठंय?’’ रोज रात्री मोबाइलवर जातो तो कुठून येतो?

‘‘हे बायकांचं काम.’’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाजारात मापं घेणारे, कापणारे मास्टर बहुतेक पुरुषच असतात ना? पैसे मिळाले की तो धंदा आणि घरात केलं की बायकांचं काम, होय? आणि इथे माझाही गुन्हा कबूल करतो. आम्ही सांगत आलो, ‘आईला शिवणाची हौस होती.’ दिवाळीआधी रात्री दोनपर्यंत ती पाय मारायची, सकाळी पुन्हा चुलीपाशी. हौस कसली? ते काम होतं. कॉमर्स शिकलेल्या मुलाने घरात बसून त्याची कुठल्याच वहीत नोंद केली नाही. म्हणून ‘परत आईसारखं शिवा’ असं मी घरातल्या बायकांना मुळीच सांगत नाही. शिकायचं तर सगळ्यांनी, मुलग्यांनी आधी.

गेल्या दसऱ्यानंतर मी स्वतः बसलो. सौ.चे गुडघे आता पाय मारू देत नाहीत, म्हणून ती कापते आणि टीप मी मारतो. पहिली बंडी तीनदा उसवली. मुंढ्याशी अजून चुण्या पडल्यात. पण उसवता आली, कारण आत माया सोडली होती. कोजागिरीला दूध घ्यायला गच्चीवर तीच घालून गेलो. भाचा म्हणाला, ‘‘मामा, मला एक शिवून द्या.’’ मी म्हटलं, ‘‘देत नाही. बस इथे, शिकवतो.’’

या नवमीला हार जरूर घाला. पण दुसऱ्या दिवशी तो काढा, मशीनला तेल द्या आणि निदान एक सरळ टीप मारा. जमणार नसेल, तर मशीन शिवणाऱ्या एखाद्या गरजूला देऊन टाका. पण फोटोखाली ‘माया’ लिहू नका.