विश्लेषण : ओटीपी पुरेसा का नाही? ‘सिक्युरिटी की’ आणि ‘पासकी’ नेमके काय करतात?

‘ओटीपी कुणालाही सांगू नका,’ ही सूचना बँकेच्या जवळपास प्रत्येक एसएमएसमध्ये असते. तरीही ओटीपी सांगितला जातो, खाते रिकामे होते आणि तक्रार करायला गेलेल्या खातेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुम्ही ओटीपी दिला होता का?’ रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत नवे निर्देश जाहीर केले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. त्यात एसएमएसवरील ओटीपी बंद केलेला नाही, मात्र त्याच्या पलीकडच्या पर्यायांना वाट मोकळी करून दिली आहे. हे पर्याय कोणते आणि ते अधिक सुरक्षित का मानले जातात?

द्विस्तरीय पडताळणी म्हणजे काय?

आपण तेच आहोत, हे सिद्ध करण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरा, आपल्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे कार्ड, मोबाइल किंवा किल्ली. तिसरा, शरीराची ओळख, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. यांपैकी दोन वेगवेगळ्या प्रकारांची मागणी केली, तर ती द्विस्तरीय पडताळणी किंवा टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन. एटीएममध्ये कार्डही लागते आणि पिनही, हे त्याचे सर्वात जुने आणि ओळखीचे उदाहरण. दोन पासवर्ड विचारले तर मात्र ती द्विस्तरीय पडताळणी ठरत नाही, कारण दोन्ही एकाच प्रकारात मोडतात आणि एकाच वेळी चोरीला जाऊ शकतात.

भारत यात मागे नव्हता. ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी पडताळणीचा अतिरिक्त टप्पा रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासूनच बंधनकारक केला. पुढे साध्या फोनवरही येणारा एसएमएस हा त्यासाठी सर्वात सोयीचा मार्ग ठरला.

मग ओटीपीमध्ये उणीव कुठे आहे?

ओटीपी ‘जवळ असलेली वस्तू’ म्हणून मोजला जातो, पण प्रत्यक्षात तो असतो केवळ सहा आकडी निरोप. तो वाचता येतो, सांगता येतो, दुसरीकडे वळवता येतो. गळतीच्या तीन वाटा ठळक आहेत.

पहिली सिम स्वॅपची. बनावट कागदपत्रे दाखवून भामटा तुमच्या क्रमांकाचे नवे सिम मिळवतो. तुमच्या फोनवरील नेटवर्क जाते आणि ओटीपी त्याच्या फोनवर येऊ लागतात. ट्विटरचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे ट्विटर खाते ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या मोबाइल क्रमांकावर ताबा मिळवूनच बळकावण्यात आले होते. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाचे, म्हणजे ‘एसईसी’चे ‘एक्स’ खाते असेच ताब्यात घेऊन बिटकॉइन फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा करण्यात आली. त्या खात्याची द्विस्तरीय पडताळणी काही महिन्यांपूर्वी बंद केली होती, हेही नंतर उघड झाले. भारतात सिम बदलल्यानंतर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचे निर्देश दूरसंचार विभागाने दिलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेताही येत नाही. यामुळे चोराचा वेग मंदावतो, वाट बंद होत नाही.

दुसरी वाट कॉल फॉरवर्डिंगची. ‘*४०१*’सारखा संकेत आणि पुढे एक क्रमांक डायल करायला लावून तुमचे फोन स्वतःकडे वळवायचे आणि कॉलवरून येणारा ओटीपी ऐकायचा, ही ती युक्ती. हा प्रकार वाढल्याने दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांद्वारे कॉल वळवण्याची सोयच थांबवायला सांगितली.

तिसरी वाट सर्वात घातक, ती म्हणजे हुबेहूब बनावट संकेतस्थळाची. तुम्ही तिथे पासवर्ड टाकता, तो त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकला जातो. खरे संकेतस्थळ खरा ओटीपी पाठवते, तोही तुम्ही बनावट पानावर टाकता आणि पुढच्या सेकंदाला तो चोराच्या कामी येतो. यात सिमला हातही लागत नाही.

ऑथेंटिकेटर ॲपने हा प्रश्न सुटतो का?

अर्धा सुटतो. क्यूआर कोड स्कॅन करताना ॲप आणि संकेतस्थळ यांच्यात एक गुप्त संकेत ठरतो. तो आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून सहसा दर ३० सेकंदांनी नवा आकडा तयार होतो. त्याला ना नेटवर्क लागते, ना सिम. म्हणून सिम स्वॅप आणि कॉल फॉरवर्डिंग या दोन्ही वाटा बंद होतात. मात्र तो आकडाही माणूसच वाचतो आणि टाइप करतो. बनावट पानावर तो ओटीपीइतकाच सहज निसटतो.

‘हे तुम्हीच आहात का? होय किंवा नाही’ असे विचारणाऱ्या नोटिफिकेशनचेही तसेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा नोटिफिकेशनचा भडिमार करून अखेर ‘होय’ दाबायला लावले होते.

‘सिक्युरिटी की’ वेगळे काय करते?

पेन ड्राइव्हसारखी दिसणारी ही छोटी किल्ली यूएसबीला जोडायची किंवा एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीला टेकवायची आणि विचारल्यावर तिच्यावरील जागेला बोट लावायचे, एवढेच वापरकर्त्याचे काम. खरे काम आत होते. एखाद्या संकेतस्थळावर नोंदणी करताना ही किल्ली दोन संकेतांची जोडी तयार करते. त्यातील जाहीर संकेत संकेतस्थळाकडे जातो. खासगी संकेत किल्लीतच राहतो, बाहेर पडत नाही. पुढे लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ दरवेळी एक नवे कोडे पाठवते, किल्ली खासगी संकेताने त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते आणि संकेतस्थळ आपल्याकडील जाहीर संकेताने ती तपासते.

खरी मेख पुढे आहे. पान कोणत्या पत्त्यावरचे आहे, हे ब्राउझर स्वतः किल्लीला कळवतो. नोंदणी ज्या पत्त्यासाठी झाली, त्याच पत्त्यासाठी किल्ली स्वाक्षरी करते. बनावट पानाच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक असला, तरी किल्ली गप्प राहते. त्या क्षणी माणूस फसलेला असला, तरी किल्ली फसत नाही. शिवाय फोनवर सांगावे असे तिच्यात काही नसतेच.

हे मानक ‘फिडो अलायन्स’ या उद्योगसमूहाने विकसित केले. त्याचा संकेतस्थळांसाठीचा भाग, ‘वेबऑथन’, मार्च २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमचे अधिकृत मानक बनला.

याचा प्रत्यक्षात उपयोग झाला आहे का?

गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा किल्ल्या बंधनकारक केल्या. तेव्हापासून ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही कामाचे खाते फिशिंगने बळकावले गेले नाही, असे कंपनीने जुलै २०१८ मध्ये सांगितले.

त्याहून बोलके उदाहरण २०२२ चे. ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन अमेरिकी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास सारखेच बनावट एसएमएस आले. ट्विलिओचे काही कर्मचारी फसले आणि ग्राहकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. क्लाउडफ्लेअरमध्ये किमान ७६ कर्मचाऱ्यांना संदेश आले आणि तिघांनी बनावट पानावर पासवर्ड टाकलेही. पण तिथे प्रत्येकाकडे सिक्युरिटी की होती. पासवर्ड मिळूनही हल्लेखोर आत शिरू शकले नाहीत. दोन्हीकडे माणसे चुकली. फरक पडला तो त्या चुकीनंतर काय होणार, याची तजवीज आधी केली होती की नाही, यामुळे.

किल्ली विकत घेणे सर्वांना परवडेल का?

नाही. भारतात चांगल्या किल्लीला काही हजार रुपये मोजावे लागतात आणि एक हरवली तर अडायला नको म्हणून दोन घ्याव्या लागतात. पत्रकार, लोकप्रतिनिधी, कार्यकर्ते, कंपन्यांचे हिशेब सांभाळणारे कर्मचारी यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. बाकीच्यांसाठी ‘पासकी’ हा मोफत पर्याय आहे. तिच्यामागचे तंत्र तेच, फक्त खासगी संकेत वेगळ्या किल्लीऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहतो आणि बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने उघडतो. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये त्याला व्यापक पाठबळ देण्याचे एकत्रितपणे जाहीर केले. पासकी सहसा गूगल किंवा ॲपल खात्यातून दुसऱ्या फोनवरही पोहोचते. म्हणूनच ते मूळ खाते सर्वात भक्कम असायला हवे.

याने सगळी फसवणूक थांबेल का?

नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने माणूस स्वतःच पैसे पाठवतो, तेव्हा पडताळणी अगदी नियमानुसार झालेली असते. व्हायरस असलेले ॲप आधीच सुरू असलेले लॉगिन चोरू शकते. आणखी एक फट नेहमी विसरली जाते. किल्ली लावली, पण ‘पासवर्ड विसरलात?’ या मार्गासाठी जुना मोबाइल क्रमांक तसाच ठेवला, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे अशी गत होते.

सामान्य वापरकर्त्याने सुरुवात कुठून करावी?

ईमेलपासून. बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. ईमेलला पासकी किंवा किल्ली लावावी, ते शक्य नसेल तर ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. खाते परत मिळवण्यासाठीचे बॅकअप कोड फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठेवावा. घरातील ज्येष्ठांच्या फोनवर ही कामे शेजारी बसून करून द्यावीत आणि कोड कुठे ठेवले आहेत, हे त्यांना दाखवून ठेवावे. जिथे एसएमएस ओटीपीशिवाय पर्यायच नाही, तिथे तो जरूर ठेवावा, कारण नुसत्या पासवर्डपेक्षा तो केव्हाही बरा. फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि परत आले नाही, तर ‘टॉवरचा प्रश्न असेल’ म्हणून थांबू नये. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी.

जबाबदारी नेमकी कुणाची?

इथे खातेदाराच्या खिशाचा प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, उदाहरणार्थ गोपनीय माहिती दुसऱ्याला दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाने सोसायचा आहे. म्हणजे घाबरलेल्या क्षणी सांगितलेले सहा आकडे आयुष्यभराच्या बचतीचा निकाल लावतात. २०२५ च्या निर्देशांनी त्यात एक भर घातली. या निर्देशांचे पालन न करता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले, तर ग्राहकाला संपूर्ण भरपाई द्यायची आहे. मात्र एसएमएस ओटीपी वापरणे हेही निर्देशांचे पालनच ठरते.

सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. ज्या ग्राहकांनी फोनवर डिजिटल टोकन सुरू केले आहे, त्यांच्या बँक लॉगिनमधून ओटीपी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे तेथील बँकांनी ठरवले. भारतातील बँकांनाही आता असे पर्याय देण्यापासून कुणी अडवलेले नाही. सांगता येणार नाही अशी किल्ली ग्राहकाच्या हाती देणे शक्य असताना केवळ ‘सांगू नका’ एवढाच एसएमएस पाठवत राहणे, ही ग्राहकाची नव्हे, व्यवस्थेची बेपर्वाई ठरेल.