शंभर गाड्यांचा प्रश्न

आपल्या शाळेत रविवारच्या सकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यानंतर मुलांना एक जातककथा सांगण्याचा प्रघात आहे. माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. काहींना त्या वेळी आलेली झोपही आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मी सातवीच्या मुलांना नंदिविसाल जातक सांगत होतो. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाकडे नंदिविसाल नावाचा बैल असतो. मायेने वाढविणाऱ्या धन्याचे ऋण फेडावे म्हणून बैलच त्याला सुचवितो, की ‘माझा बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढील’ अशी एका श्रेष्ठीशी हजाराची पैज लाव. वाळू, खडी आणि दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या एकामागे एक बांधल्या जातात. ऐन वेळी धनी बैलाला शिवी देऊन हाकतो. अपमानित बैल जागचा हलत नाही, पैज हरते. पुढे धन्याला चूक उमगते, तो दोन हजारांची पैज लावतो, प्रेमाने बोलतो आणि बैल शंभर गाड्या ओढून नेतो. कठोर वाणी टाळावी, हा कथेचा बोध.

बोध सांगून मी थांबलो, तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, “सर, गोड बोलल्यानं गाडी हलकी झाली का?”

वर्ग हसला. मीही हसलो, परंतु उत्तर मजजवळ नव्हते. त्या मुलाचे आईवडील ऊसतोड कामगार. त्या हंगामात त्याचे वडील आपल्या शाळेसमोरच्याच रस्त्याने कारखान्याला ऊस वाहत होते. भरलेल्या गाडीखाली बैलाचा खांदा कसा सोलतो, हे त्या मुलाने पाहिलेले होते. मी जातक ग्रंथात वाचले होते; त्याने बैलाच्या बाजूने ऐकले. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा इतिहासावर काहीतरी लिहावे असा विचार होता. पण तो प्रश्न काही केल्या बाजूला सरेना.

‘पाणातिपाता वेरमणी’ हे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो. मात्र त्यावरची आपली चर्चा बहुधा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. बाहेरचा कोणी विचारतो, “तुम्ही बौद्ध, मग मटण कसे खाता?” आपण बाबासाहेबांचा आधार देतो. तो योग्यच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले आहे आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत स्पष्ट भेद केला आहे. भिक्षूसाठी मुद्दाम मारलेले नाही, मारताना त्याने पाहिले वा ऐकले नाही, तशी शंकाही त्याला नाही, असे मांस भगवंतांनी भिक्षूंना निषिद्ध ठरविले नव्हते. मी स्वतः मांसाहारी आहे आणि हा लेख कोणाच्या ताटातला रस्सा काढून घेण्यासाठी लिहिलेला नाही.

माझे म्हणणे निराळे आहे. बाबासाहेबांनी केलेला भेद आपण दार लावून घेण्यासाठी वापरतो. खाण्यास मुभा आहे ना, मग विषय संपला! वस्तुतः नियम एकदा पाळला की माणूस मोकळा होतो. तत्त्व मात्र त्याला मोकळे सोडत नाही. याची गरज होती काय, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते. कत्तलखान्यापुरतेच नव्हे, तर जिवंत जनावराच्या मानेवर जू ठेवतानाही विचारावे लागते.

प्राण्यांवरील दयेचा विषय निघाला की आपल्या समाजाचे मन चटकन आखडते. त्याला इतिहास आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. गावचे मेलेले ढोर ओढणे हे आमच्या आज्या-पणज्यांच्या माथी मारलेले काम होते. ते केले तर विटाळ, न केले तर मार. मृत मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, ते या पार्श्वभूमीवर. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर २००२ साली हरियाणात झज्जरजवळ दुलीना येथे पाच दलितांना गोहत्येच्या संशयावरून जमावाने ठार मारले. २०१६ साली गुजरातमध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून फटके मारले गेले. ज्यांच्या पाठीवर गाईच्या नावाने वळ उठले, त्यांनी प्राणिदयेचे नाव काढताच संशयाने पाहावे, यात नवल नाही.

परंतु म्हणून दया त्यांच्या हवाली करावी काय? ज्यांना जनावराहून माणूस हलका वाटतो, त्यांचा जनावराशी तरी काय संबंध? धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती आपली आहे. ऐकून घेतलेली नाही, उभे राहून हात जोडून म्हटलेली आहे. तिचा परिणामही गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. मरीआईच्या जत्रेत रेडा बळी दिला जाई आणि त्या बळीशी जोडलेली कामे गाव महारांकडूनच करवून घेई. १९५६ नंतर आपल्या माणसांनी मरीआई सोडली, असे आपण सांगतो. त्यांनी रेड्याच्या मानेवरची कुऱ्हाडही खाली ठेवली, हे सांगायला मात्र विसरतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही घटना मोठी वाटते. देवाच्या नावाने होणारी हत्या एका पिढीत घराघरांतून थांबली आणि कोणत्याही प्राणिमित्र संघटनेने त्याचा सत्कार केला नाही!

दीघनिकायातील कूटदंत सुत्त या संदर्भात मुळातून वाचावे. कूटदंत ब्राह्मणाला मोठा यज्ञ करायचा आहे. शेकडो बैल, वासरे, शेळ्या-मेंढ्या यूपाला बांधून ठेवल्या आहेत. भगवान बुद्ध त्याला एका प्राचीन राजाच्या यज्ञाची हकीकत सांगतात. त्या यज्ञात गाईबैल मारले गेले नाहीत, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, डुकरे मारली गेली नाहीत. एवढ्यावर सुत्त थांबत नाही. त्या यज्ञात राबणाऱ्या दासांना आणि मजुरांना काठीचा धाक नव्हता, डोळ्यांत अश्रू घेऊन कोणी काम करीत नव्हते, हेही त्याच दमात सांगितले आहे. पशूंची सुटका आणि मजुराचे कोरडे डोळे एकाच परिच्छेदात येतात. एकाचा कैवार घेण्यासाठी दुसऱ्याला मारावे लागते, ही कल्पना तेथे नाही.

सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख शिकविताना मी वर्गात नेहमी रेंगाळतो. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता केवळ तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेमाने नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो लेख सांगतो. सर्व काही साधले, अशी बढाई त्यात नाही. अजून काय राहिले आहे, याचा हिशेब या राजाने दगडावर कोरून ठेवला. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचार, तसेच दोघांसाठी रस्त्यांवर विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मृगयेच्या सहली सोडून राजाने धम्मयात्रा सुरू केल्याचा तो लेख.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे वडील जानेवारीत एका संध्याकाळी त्याला भेटायला आले. गाडी फाटकाबाहेर उभी होती, वाढ्यांचा भारा वर बांधलेला. डाव्या बैलाचा खांदा सुजून त्यावर चिंधी बांधली होती. मी त्याविषयी बोललो. खरे तर उपदेशच केला. ते शांतपणे म्हणाले, “दिसतंय की सर मला. मला बी खांदा हाय. पन उचल फेडायची कशी?”

मग त्यांनी जे सांगितले, ते मी प्रथमच नीट ऐकले. बैलजोडी घेतली ती मुकादमाच्या उचलीतून. उचल फेडायची ती त्याच जोडीच्या जिवावर. मजुरी टनावर. कारखान्याच्या आवारात गाडी रिकामी व्हायला कधी कधी अख्खी रात्र जाते, बैल गाडीशीच उभे. दिवसाकाठी जेमतेम एक खेप होते, म्हणून त्या एका खेपेत दोन खेपांचा ऊस रचायचा. चढावर बैल बसला की चाबूक. चाबूक त्यांच्या हातात असतो, हे खरे. पण ती गाडी त्यांनी एकट्याने भरलेली नसते.

या बैलाच्या बाजूने कायदा आहे. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. ओझ्याची मर्यादा ठरविली. दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, ३७ अंशांहून अधिक तापमान असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपू नये, असे सांगितले. आपल्या रस्त्यावर हे नियम कोणी पाळताना मी पाहिलेले नाहीत. १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. दुसरीकडे २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. म्हणजे बैल मेला तर पाच वर्षे आणि जिवंतपणी रोज थोडा थोडा मारला तर पन्नास रुपये. थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही, त्याला पोसण्याचा खर्च त्या उचलवाल्या गरिबावर पडला. गोरक्षणाच्या सभेत मात्र त्याच्या वैरणीचा विषय निघत नाही. पोळ्याला शिंगे रंगवून पुरणपोळी चारणारा समाज उरलेले दिवस याकडे पाहतही नाही. बैलगाडा शर्यतींना २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवली, तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत आपलीही मुले होती, हेही नमूद करतो.

आपले काही माजी विद्यार्थी पशुवैद्यकीय खात्यात आहेत, काही साखर कारखान्यांच्या नोकरीत आहेत. दोघे मुकादम आहेत, तेही हे वाचतील. त्यांना मी शाकाहार मागत नाही. कारखान्याच्या आवारात बैलगाडीचा नंबर ट्रॅक्टरच्या आधी लागावा, रांगेत बैल सोडून बांधता यावेत, हंगामात महिन्यातून एकदा खांदे तपासले जावेत, याचा आग्रह त्यांनी आपापल्या जागी धरावा. टनाचा दर आणि उचलीचा हिशेब यांची लढाई ऊसतोड संघटना लढत आहेत. त्या लढाईत बैलाचा खांदाही मोजला जावा. गाडीवानाला एकट्याला पकडून दंड करण्याच्या मी विरुद्ध आहे. ते सोपे आहे, म्हणूनच ते आधी होईल.

गेल्या हंगामात मुलांनी प्लास्टिकचे दोन ड्रम उभे कापून फाटकाबाहेर पाणी भरून ठेवले होते. पहिल्या रात्री कोणी थांबले नाही. दुसऱ्या रात्री एक गाडीवान उतरला, फाटकावरची पाटी वाचली आणि पहारेकऱ्याला विचारले, “हे पानी कुनासाठी हाय?” पहारेकरी म्हणाला, “तुमच्यासाठी आणि बैलांसाठी.” त्यानंतर गाड्या थांबू लागल्या. फेब्रुवारीत एका बैलाच्या धक्क्याने एक ड्रम फुटला. आता तेथे पक्का हौद बांधायचा आहे, शेजारी माणसांसाठी नळ. विटा एका पालकांनी दिल्या आहेत. सिमेंट आणि गवंड्याची मजुरी बाकी आहे. ऑक्टोबरात गाड्या सुरू होण्यापूर्वी तो व्हावा, अशी मुलांची इच्छा आहे. प्रश्न विचारणारा मुलगा आता नववीत आहे; हौदाची उंची किती असावी, हे त्यानेच मोजून दिले आहे.