मोजणी झाली, तपासणी कोण करणार?



देशातील शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, 2025 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाली. त्या वर्षी तिच्यात एक नवी तरतूद होती: मागे घ्यावे लागलेल्या शोधनिबंधांसाठी संस्थेचे गुण वजा करण्याची. बातमी आली तेव्हा आमच्या वर्तुळात समाधान व्यक्त झाले. उशिरा का होईना, बनावट संशोधनाला लगाम बसणार असे अनेकांनी लिहिले. मला ते समाधान वाटले नाही. का वाटले नाही, ते सांगण्यासाठी हे दीर्घ टिपण.

निबंध मागे घेतला जातो तो केव्हा? कोणीतरी तो दुसऱ्यांदा, बारकाईने वाचतो तेव्हा. ज्या निबंधाकडे प्रकाशनानंतर कोणी फिरकलेच नाही, तो कितीही चुकीचा असला तरी सुखरूप राहतो आणि आपल्या संस्थेला गुणही मिळवून देत राहतो. उलट एखाद्या प्राध्यापकाने स्वतःची चूक स्वतः शोधून प्रामाणिकपणे निबंध मागे घेतला, तर आकडेमोडीच्या पातळीवर तो आणि लबाड एकाच रांगेत बसतात. म्हणजे पूर्वी आपण निबंध मोजत होतो, आता मागे घेतलेले निबंधही मोजू लागलो. वाचणे अजून सुरू झालेलेच नाही.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी एका पातळ थराचा विद्युतरोध मोजताना विशिष्ट तापमानाला आलेख एकदम खाली घसरलेला मला दिसला. दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो. मार्गदर्शकांनी आलेख पाहिला आणि एवढेच म्हणाले, "नमुना काढ, तारा नव्याने जोड आणि पुन्हा मोज." चार महिने मोजले. दोष पदार्थात नव्हता. थंडीत आकसून तडा जाणाऱ्या चांदीच्या लेपाच्या जोडणीत होता. त्या वर्षीच्या प्रगती-अहवालात 'प्रकाशने' या रकान्यात मी शून्य लिहिले. समितीतील एका सदस्यांनी त्या शून्याकडे बोट दाखवून विचारले, "मग वर्षभर केलेत काय?" मी एक खोटा निष्कर्ष जगात जाण्यापासून थांबवला होता. पण त्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

हा रकाना कोणत्याच विषयाच्या अर्जात नाही, हे माझे खरे गाऱ्हाणे आहे. तीन विषय घेऊ. एकमेकांशी संबंध नसलेले मी मुद्दाम निवडले आहेत.

पहिला शिक्षणशास्त्राचा. आपल्या विद्यापीठांतील असंख्य प्रबंधांचा साचा ठरलेला आहे. एकाच शाळेच्या दोन तुकड्या घ्यायच्या, एकीला नव्या पद्धतीने शिकवायचे, आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी. निष्कर्ष: नवी पद्धत परिणामकारक. शिकवणारा तोच, चाचणी काढणारा तोच, तपासणारा तोच. नव्या तक्त्यांमुळे आणि नव्या चेहऱ्यामुळे मुलांना आलेली हुशारी महिन्याभराने टिकली का, हे पाहायला कोणी परत जात नाही.

याच देशातील शाळांत याहून कठोर काम झालेले आहे. 'बालसखी' कार्यक्रमात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच तरुणी मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करताना कोणत्या शाळेला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले, आणि 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण वाढले होते. पण कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तो लाभ बराचसा ओसरलेला आढळला, आणि हेही त्यांनी त्याच निबंधात छापले. त्या अभ्यासातला मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग हाच. दुःख एवढेच की हे प्रश्न आपल्या शाळांतले असूनही त्या निबंधाचे बहुतेक लेखक परदेशी विद्यापीठांतले होते. आमच्या शिक्षणशास्त्र विभागांना वर्षभराने पुन्हा शाळेत जाण्याची मुभाच नसते. तोवर प्रबंध सादर झालेला असतो.

दुसरा औषधरसायनशास्त्राचा. इथे तर हळदीचेच उदाहरण घेता येईल. कर्क्युमिन कर्करोगावर चालते, मधुमेहावर चालते, स्मृतिभ्रंशावर चालते, असे सांगणाऱ्या निबंधांची संख्या हजारोंत आहे. 2017 साली अमेरिकेतील औषधरसायनतज्ज्ञांनी या साऱ्या साहित्याचा आढावा घेतला. शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही, दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून आणि औषधशून्य गोळीशी तुलना करून घेतलेल्या एकाही चाचणीत त्यांना कर्क्युमिनचे निर्णायक यश आढळले नाही. कारण रसायनातच आहे. हा रेणू अस्थिर आहे, रक्तात फारसा पोहोचत नाही, स्वतः प्रकाश उत्सर्जित करतो, धातूंना धरतो. त्यामुळे परीक्षानळीतील अनेक चाचण्यांत औषधी गुण नसतानाही 'आहे' असा कौल मिळू शकतो. चाचण्यांना फसवणाऱ्या अशा संयुगांची ओळख 2010 पासून औषधरसायनशास्त्रात प्रस्थापित आहे. तरीही संगणकावर रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून दाखवायचा, शेवटी 'भविष्यातील औषधासाठी आशादायक' असे लिहायचे आणि पुढच्या रेणूकडे वळायचे, हा क्रम चालूच आहे.

आणि दुसऱ्या बाजूला काय आहे? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चिरफाड केली. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, 2025 साली, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा जीव घेतला. विष तेच. मर्यादा 0.1 टक्के, आणि तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या औषधात आढळले 48 टक्क्यांहून अधिक. हे विष ओळखायला नवे विज्ञान लागत नाही. वायू-क्रोमॅटोग्राफीने ते ओळखता येते, आणि हे यंत्र देशातील कितीतरी विद्यापीठांच्या औषधनिर्माण विभागांत उभे आहे. बाजारातील सिरपांची नियमित, स्वतंत्र तपासणी हा त्या विभागांचा एक संशोधन-कार्यक्रम का नसावा? कारण सरळ आहे. 'नवा रेणू' म्हणजे निबंध. 'हे सिरप निर्दोष आढळले' म्हणजे काहीच नाही. परवाने देणे आणि कारखाने तपासणे ही औषध नियंत्रकांची जबाबदारी आहे, विद्यापीठांची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या समाजाच्या पैशावर ते यंत्र चालते, त्या समाजाच्या मुलांच्या औषधाची बाटली त्यात एकदाही जाऊ नये, याला संशोधनाची स्वायत्तता म्हणत नाहीत.

तिसरा संगणक-दृष्टीचा. पानाचा फोटो द्या, रोग ओळखून देतो, अशा मॉडेलांवरचे निबंध दर आठवड्याला वाचायला मिळतात. बहुतेकांची सामग्री एकच: 'प्लांटव्हिलेज' हा पन्नास हजारांहून अधिक चित्रांचा संच, ज्यात एकेक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले आहे. 2016 साली या संचावर 99.35 टक्के अचूकतेचा निकाल प्रसिद्ध झाला आणि गाजला. त्याच निबंधात त्याच लेखकांनी लिहिले होते की वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या चित्रांवर हीच अचूकता जेमतेम 31 टक्क्यांवर येते. पहिला आकडा सर्वांनी उचलला, दुसरा तिथेच राहिला. पुढे 2022 साली एका अभ्यासाने पान बाजूला ठेवून पार्श्वभूमीचे फक्त आठ बिंदू मॉडेलला दिले, तरी 49 टक्के उत्तरे बरोबर आली. म्हणजे मॉडेल रोगाबरोबरच, किंबहुना रोगाऐवजी, फोटो कोणत्या टेबलावर काढला हे शिकत असण्याची दाट शक्यता आहे. कोलारच्या टोमॅटोच्या शेतात उभ्या शेतकऱ्याला त्या टेबलाचा काय उपयोग?

याच विषयात दुसरा रस्ताही आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी हैदराबाद आणि बंगळूरु परिसरात गाडी फिरवून रस्त्यांची 10,000 चित्रे गोळा केली आणि त्यांतील वस्तू 34 वर्गांत हाताने चिन्हांकित केल्या. रिक्षा, रस्त्यावरची जनावरे, डांबर संपून सुरू होणारी मातीची कड, सगळे त्यात आले. हे काम कंटाळवाणे आहे. पण त्यामुळे परदेशातील आखीव रस्त्यांवर शिकलेल्या मॉडेलची आपल्या रस्त्यावर परीक्षा घेता येऊ लागली. मला विचाराल तर 99.35 चे 99.41 करणाऱ्या शंभर निबंधांपेक्षा असा एक चित्रसंच मोलाचा.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद. तो मला माझ्याच एका मैत्रिणीने ऐकवला. ती एका छोट्या गावच्या महाविद्यालयात शिकवते. तिचे म्हणणे: "तुम्ही मोठ्या संस्थांतली माणसे आकड्यांना नावे ठेवता. आकडे नव्हते तेव्हा बढती कोणाला मिळायची? ज्याचे साहेबांकडे जाणे-येणे होते त्याला. माझ्यामागे ना आडनाव, ना ओळख. माझ्याकडे आकडाच आहे." हे म्हणणे खोटे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली प्राध्यापकांसाठी गुणांकाची पद्धत आणली, तेव्हा मनमानीला आळा घालण्याची आशा तिच्यामागे होती.

पण पुढचे पंधरा वर्षांचे चित्र पाहा. पीएच.डी.साठी आयोगाने 2009 साली निबंधाची सक्ती केली आणि 2022 साली ती काढली. दर्जेदार नियतकालिकांची यादी 2019 साली आणली आणि 2025 साली मोडीत काढली. प्रत्येक पट्टीला बाजाराने वळसा घातला: पैसे भरून छापणारी नियतकालिके, विकत मिळणारी लेखकांची नावे. आणि विकत घ्यायला पैसा कोणाकडे असतो? माझ्या मैत्रिणीकडे नाही. ज्या आकड्याने तिचे रक्षण करायचे, तोच आज तिच्या प्रामाणिक दोन निबंधांना कोणाच्या तरी बावीस निबंधांपुढे हरवतो आहे.

पैशाची टंचाई हे कारण पुढे केले जाईल. ते खरेही आहे. देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्केच खर्च करतो. पण पैसा कमी असेल तर तो न वाचल्या जाणाऱ्या निबंधांवर उधळणे अधिकच अक्षम्य ठरते.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, बढतीसाठी उमेदवाराने आपली पाच कामे निवडावीत. समितीने ती वाचावीत आणि आपले मत कारणांसह लेखी प्रसिद्ध करावे. मनमानीवरचा खरा उतारा उघडपणा आहे. दोन, प्रत्येक पीएच.डी. प्रबंधात एक प्रकरण आधीच्या कुणाच्या तरी निष्कर्षाच्या फेरतपासणीचे असावे, आणि 'निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही' हे उत्तर पूर्ण गुणांचे मानावे. तीन, 'शोधगंगा'वर प्रबंध चढवताना त्यामागची मूळ मोजमापे, प्रश्नावल्या आणि प्रोग्रामही चढवावेत.

हे आपल्याला जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. 2023 च्या जुलैत सामान्य तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा करणाऱ्या एलके-99 या पदार्थाने जग दणाणून सोडले, तेव्हा काही दिवसांतच तो पदार्थ बनवून 'आम्हाला अतिवाहकता आढळली नाही' असे जाहीर करणाऱ्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अगदी पुढे होती. त्या 'नाही'चा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

विद्यार्थी मित्रांनो, समितीत बसण्याचा अधिकार तुम्हाला अजून नाही. पण प्रश्न विचारण्याचा आहे. पुढच्या चर्चासत्रात कोणी 99 टक्क्यांचा आकडा किंवा 'आशादायक' रेणू दाखवला, तर हात वर करा आणि विचारा: हे दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, पुन्हा करून पाहिले आहे का? उत्तर 'नाही' आले तर पुढचा प्रश्नही विचारा: मग मी करून पाहू का? सभागृह क्षणभर अवघडेल. अवघडू द्या.

तुमच्या विभागात असे कोणी फेरतपासणीचे काम केले असेल, तर त्याविषयी खाली जरूर लिहा. अर्जात रकाना मिळेपर्यंत निदान इथे त्याची नोंद राहू दे.