पेशी मंत्रालयाच्या फाईलसाठी थांबत नाहीत

पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असं अजित पवार डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विचारून गेले. नंतर दिलगिरीही झाली. पण त्याच वर्षी बार्टीच्या फेलोशिपसाठी आमचे ८६१ संशोधक आझाद मैदानावर लढत होते. द्यायची होती फक्त २०० जणांना. त्याची दिलगिरी कुणी व्यक्त केली?

त्यात जीवशास्त्रवाल्यांचे हाल वेगळेच. इतिहासाचा विद्यार्थी उसनवारी करून ग्रंथालयात तग धरतो (त्याने तरी का धरावा?). इथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं द्रावण लागतं. चुकलं की पेशी मेल्या, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. रविवार नाही, दिवाळी नाही. वॉचमनची रात्रपाळी करून हे जमत नाही, आणि घरून पैसे मागवावेत तर घर आमच्याच फेलोशिपकडे डोळे लावून बसलेलं.

मग लॅबमध्ये टिकतो कोण? ज्याच्या बापाचा पगार चालू आहे तो. त्याचे पेपर छापून येतात. पुढे प्राध्यापकभरतीत तीच निवड समिती आमच्या राखीव जागेवर शेरा मारते, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’. मिळेल कसा? तुम्हीच त्याला तिसऱ्या वर्षी उपाशी ठेवून घालवला.

बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. रोहित वेमुला गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, येणं बाकी होती.

आम्हाला सत्कार नकोत. नोंदणीच्या तारखेपासून, पूर्ण रक्कम, दर महिन्याला खात्यात हवी.