सून परदेशातून आली तर

निकाह झाला, सून परदेशातून फुलंब्रीत आली, की घरात विचारणा सुरू होते: हिचे आधार कधी निघणार? मग कोणीतरी ओळखीचा सांगतो, "जन्म इथलाच दाखवा, लवकर काम होईल." भगिनींनो, हे मुळीच करू नका. पासपोर्टवर एक आणि आधारवर दुसरेच निघाले, तर भोगावे लागते त्या मुलीलाच.

सरळ मार्ग आहे. अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत तिचे भारतात किमान १८२ दिवस वास्तव्य झालेले हवे. पासपोर्ट आणि चालू व्हिसा लागतो. आधारही साधारण व्हिसाच्या मुदतीपुरतेच मिळते, म्हणून दोन्ही तारखा घरात लिहून ठेवा.

आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे; २०१६ च्या आधार कायद्यातच तसे नमूद आहे. भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला ७ वर्षे इथे राहिल्यावर नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज करता येतो.

तोवर एवढे करा. पासपोर्ट, व्हिसा, निकाहनामा सासऱ्यांच्या कपाटात कुलूपबंद नको, तिच्याच हाती असू द्या. माहेर सरहद्दीपलीकडे राहिलेल्या मुलीला तेवढाच आधार असतो.