आवाहन माणसाला, सवलत पुड्याला

15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि प्रत्येक घरानं स्वयंपाकाचं तेल दहा टक्के कमी वापरावं, असं आवाहन केलं. त्याआधी फेब्रुवारीतल्या ‘मन की बात’मध्येही त्यांनी हेच सांगितलं होतं. आनंद महिंद्रा, सुधा मूर्ती, मनू भाकर, मीराबाई चानू अशा दहा जणांची नावं सुचवून त्यांनी ही मोहीम पुढे न्यायला सांगितली. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून आहाराचा विषय निघतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपल्याकडे आरोग्य म्हणजे दवाखाना आणि औषधं, इथंच चर्चा थांबायची.

लाल किल्ल्यावरच्या या भाषणानंतर सव्वा महिन्यानं, 22 सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. बिस्किटं, चॉकलेट आणि आइस्क्रीम 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. पाकीटबंद फरसाण आणि इन्स्टंट नूडल्स 12 वरून 5 वर. फळांच्या गराची, भरपूर साखर घातलेली पेयंही 12 वरून 5 वर. आणि मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या पामतेलासह इतर कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं गेलं होतं. प्रत्येक निर्णयाला त्याचं त्याचं कारण आहे. महागाई आटोक्यात ठेवायची असते, सणासुदीला मध्यमवर्गाला दिलासा द्यायचा असतो. व्यायामशाळा आणि खेळाचं साहित्यही 5 टक्क्यांवर आणलं, हेही नोंदवायला हवं. तरीही हे निर्णय एका ओळीत मांडले की जे दिसतं ते मला फार अस्वस्थ करतं. कमी खा म्हणून माणसाला सांगायचं आणि जे कमी खायचं तेच स्वस्त करायचं, या दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत.

तेलाचं आवाहन कुणापर्यंत पोचतं तेही पाहू. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला 19 किलोंच्या पुढे गेला आहे. हे सगळं तेल घरच्या कढईतलं नाही. त्यातलं बरंचसं हॉटेलात, वडापावच्या गाडीवर, फरसाणाच्या कारखान्यात आणि बिस्किटांच्या पिठात जातं. पामतेलाची तर अनेक घरांत बाटलीही दिसत नाही, ते बहुतेक पुड्यातून पोटात येतं. आवाहन ऐकून हात आखडता घेणार ती घरातली बाई. महिन्याला तेलाचे किती पुडे लागतात याचा हिशेब तिला कुणी शिकवावा लागत नाही. कारखान्याच्या टाकीपर्यंत हे आवाहन जात नाही. तिथं नियम जातो आणि कर जातो.

नियम पोचतो तेव्हा काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. तेल घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट हृदयाला घातक. वनस्पती तूप वापरू नका म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मर्यादा घातली. तेल-तुपात 2021 पासून 3 टक्के, आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के. त्यानंतर बेकरीतली खारी खाणाऱ्या माणसाला वेगळं काही करावं लागलं नाही. ना लेबल वाचावं लागलं, ना निर्धार करावा लागला. बदलावं लागलं ते बनवणाऱ्याला.

आता कुठल्याही वाडीवस्तीवरच्या किराणा दुकानाच्या दारात उभं राहा. वरून खाली पुड्यांच्या माळा लोंबत असतात. चिप्स, पफ, नूडल्स, गोड बिस्किटं, सगळं पाच आणि दहा रुपयांत. मजुरीला जाणारी आई पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते, कारण शेतातून ती संध्याकाळी येणार आणि पोराला मध्येच भूक लागणार. या आईला ‘मुलांना जंक फूड देऊ नका’ असं सांगणारा माणूस तिच्या दिवसाचा विचार करत नाही. पाच रुपयांत तिला दुसरं काय मिळतं? एक अंडंही मिळत नाही. पुडा मात्र मिळतो, टिकतो, पोराला आवडतो आणि त्यावर चित्रही असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे याच संदर्भात वाचावेत. 2015-16 मध्ये देशातल्या 20.6 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या, 2019-21 मध्ये 24 टक्के. पुरुषांमध्ये हाच आकडा 18.9 वरून 22.9 वर गेला. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2.1 टक्क्यांवरून 3.4 वर. चार-पाच वर्षांत कोट्यवधी लोकांचा निर्धार एकाएकी ढिला पडला, असं मानायला मी तयार नाही. माणसं तीच आहेत, त्यांच्याभोवतीचं दुकान बदललं.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं हे ओळखलं आणि थेट पुड्यालाच हात घातला. 2012 मध्ये तिथं कायदा झाला. कंपन्यांचा विरोध इतका, की तो लागू व्हायला जून 2016 उजाडलं. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील, तर पुड्याच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापायचा. त्यात मोजकेच शब्द, ‘साखर जास्त’ किंवा ‘मीठ जास्त’. चारही गोष्टी जास्त असतील तर चार अष्टकोन. ज्यावर अष्टकोन आहे ते शाळेत विकायचं नाही, 14 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून त्याची जाहिरात करायची नाही. सीरियलच्या खोक्यांवरचे हसरे वाघ आणि ससे गेले. मर्यादाही 2016, 2018 आणि 2019 अशा तीन टप्प्यांत कडक होत गेल्या.

पहिल्या दीड वर्षात अष्टकोन लागलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली, असं संशोधकांना दिसलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. अनेक कंपन्यांनी अष्टकोन टाळण्यासाठी मालातली साखर आणि मीठच कमी केलं. चिलीत लठ्ठपणा संपलेला नाही, आणि एका लेबलानं तो संपणारही नाही. पण तिथल्या आईला दुकानात उभ्याउभ्या, चष्मा न लावता कळतं की हातातल्या वस्तूत काय आहे.

आपल्याकडे तीच माहिती पुड्याच्या पाठीमागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, बहुतेक वेळा इंग्रजीत आणि ‘100 ग्रॅममागे’ अशा हिशेबात असते. सप्टेंबर 2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं दर्शनी लेबलाचा मसुदा आणला, तो ताऱ्यांचा. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. या मसुद्याला माझा ठाम विरोध आहे. त्यात साखर-मिठाचे वाईट गुण आणि तंतू, फळं, सुकामेवा यांचे चांगले गुण एकत्र करून सरासरी काढली जाते. भरपूर साखर असलेल्या बिस्किटात थोडा कोंडा आणि बदाम घातले की तारे वाढणार. आणि तारा ही शाबासकीची खूण आहे. बालवाडीतल्या मुलाच्या वहीवरही तारा मिळतो, तो छान केलं म्हणून. धोक्याची सूचना ताऱ्यानं देता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, पुढे ती मुदत वाढवून दिली गेली. मसुदा आला तेव्हा पहिलीत असलेलं मूल एव्हाना वरच्या वर्गात गेलं आहे आणि त्याच्या हातातला पुडा आहे तसाच आहे.

कराचं हत्यारही नीट वापरलं तर चालतं. ब्रिटननं एप्रिल 2018 पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही, 8 ग्रॅमच्या वर गेली तर सर्वांत जास्त. कर दोन वर्षं आधी जाहीर केल्यामुळे तो लागू होण्यापूर्वीच कंपन्यांनी आपापल्या पेयांतली साखर उतरवली. आपल्याकडे फसफसणाऱ्या पेयांवर 40 टक्के कर आहे, पण त्यात साखर किती आहे याचा विचारच नाही. भरपूर साखरेच्या पेयालाही 40 आणि बिनसाखरेच्याला तेवढाच. बुडबुडे नसलेलं गोड आंबापेय मात्र 5 टक्क्यांत. साखर कमी करावी असं कंपनीला वाटावं, असं या रचनेत काही नाही.

शाळांबाबत आपल्याकडे कागद चांगले आहेत. महाराष्ट्र सरकारनं मे 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. केंद्राच्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आतही असे पदार्थ विकता येत नाहीत. 2025 मध्ये सीबीएसईनं शाळांना साखरेचं आणि मग तेलाचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं. कल्पना उत्तम आहे, मुलं हे फलक मन लावून वाचतात आणि घरी येऊन सांगतातही. पण आपल्या घराजवळच्या शाळेच्या फाटकापासून 50 मीटर चालून बघा. तपासणी कुणी करायची? अन्न निरीक्षक मोजके, त्यांच्यामागे भेसळीची प्रकरणं. हे काम शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीकडे अधिकारासह द्यायला हवं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. ‘फिट इंडिया’ 2019 मध्ये सुरू झालं, रविवारच्या सायकलफेऱ्या निघतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या 2024 च्या अभ्यासानुसार देशातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत 42 टक्के, स्त्रियांत 57. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. पहाटे साडेपाचला बाई डब्यांच्या तयारीत असते आणि रात्री साडेनऊला रस्त्यावर दिवा नसतो, फूटपाथवर गाड्या उभ्या असतात. पुणे महापालिका 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी म्हातारी माणसं आणि बाळगाड्या रस्त्याच्या मधोमध दिसतात. 12 डिसेंबरला पुन्हा सगळं पूर्ववत. पादचाऱ्यांसाठी या महापालिकेचं स्वतंत्र धोरण 2016 पासून आहे. अंदाजपत्रकात फूटपाथला किती आणि उड्डाणपुलांना किती, हे नागरिकांनी वॉर्डावॉर्डांत विचारलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसले, तिच्याकडे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं हातापायांनी किडकिडीत, पण त्यांच्या शरीरातली चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडला होता तो स्नायू. बाहेरून बारीक, आतून चरबीचं असं हे शरीर पुढे पोट भरून खायला मिळालं की मधुमेहाकडे लवकर झुकतं. याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या माता पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अंगानं मोठी होती, आणि ज्यांना जास्त अंगमेहनत पडे, त्यांची लहान.

म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या सुटलेल्या पोटाची गोष्ट त्याच्या आईच्या ताटात सुरू होते, आणि आईची तिच्या लहानपणीच्या ताटात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत आणि याच राज्यात जवळपास चौथा हिस्सा प्रौढ जादा वजनाचे आहेत. सरकारदरबारी कुपोषण एका खात्यात आणि लठ्ठपणा दुसऱ्या मोहिमेत. शरीर मात्र एकच आहे. आदिवासी भागातल्या गर्भवतींना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना ही माझ्या मते राज्यातली सर्वांत दूरदृष्टीची लठ्ठपणाविरोधी योजना आहे, जरी तिच्या कागदांवर तो शब्द कुठंच नसला तरी.

याच राज्यानं नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. अंडं न खाणाऱ्यांना केळं. वर्गात त्या दिवशी हजेरी वाढायची, हे कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना विचारा. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं असेल तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असं शाळांना कळवलं. ज्या वस्तीतल्या आईकडे पोराला द्यायला पाच रुपयेच असतात, तिथं लोकसहभाग कुठून यायचा? स्नायू घडण्याच्या वयात मुलाच्या ताटातलं प्रथिन काढून घेतलं, आणि त्याच वर्षी पुड्यावरचा कर उतरला. केंद्राचं लेबल केव्हा यायचं ते येईल. हे अंडं मात्र पूर्णपणे मुंबईच्या हातात आहे. त्यासाठी ना न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी लागते, ना कुठल्या कंपनीची संमती. येत्या अर्थसंकल्पात हा निधी परत यावा. आणि आठवड्याला एक नव्हे, किमान तीन अंडी.